'स्टेबल' म्हणजे न हलणारं: डेबियनच्या तीन खणांची पार्श्वभूमी

१९९५ च्या अखेरीस एका सीडी विक्रेत्याने डेबियन १.० बाजारात आणलं. डेबियन म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून बांधलेली, लिनक्सवर चालणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम. अडचण एवढीच होती की डेबियनवाल्यांनी १.० काढलंच नव्हतं. विकासाचं काम जिथे चालू होतं तिथला अर्धाकच्चा माल विक्रेत्याने तयार समजून सीडीवर चढवला. ११ डिसेंबरला दोघांनी मिळून खुलासा केला. १.० हा आकडा मात्र कायमचा वाया गेला आणि जून १९९६ मध्ये पहिली खरी मोठी आवृत्ती १.१ म्हणून आली.

तेव्हापासून सर्व्हरवरच्या आवृत्त्यांच्या फोल्डरांना आकड्यांऐवजी टोपणनावं मिळाली. प्रकल्पाचे तेव्हाचे प्रमुख ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते, म्हणून नावं 'टॉय स्टोरी'तून आली: बझ, रेक्स, बो. रिलीज होईपर्यंत आकडा नाही, म्हणजे कुणी घाईने विकायलाही नको. नवं काम आधी जिथे येऊन पडतं त्या सतत बदलणाऱ्या 'अनस्टेबल' खणाला पुढे सिड हे नाव पडलं. सिड म्हणजे सिनेमातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. इतकं चपखल नाव सॉफ्टवेअरच्या जगात क्वचितच सापडतं.

इयन मरडॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये प्रकल्प जाहीर केला तेव्हा पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार बांधलेले एकेक प्रोग्रॅम, मोजकी होती. ती वाढली तशी जुनी पद्धत अपुरी पडायला लागली. ती पद्धत अशी: एक दिवस ठरवून अनस्टेबलची नक्कल काढायची, ती 'फ्रोझन' म्हणायची आणि बग संपेपर्यंत दुरुस्त करत बसायचं. २.२, म्हणजे पोटॅटो, जानेवारी २००० मध्ये गोठवली आणि ऑगस्टमध्ये बाहेर आली. सात महिने निव्वळ निस्तरण्यात गेले, कारण नक्कल काढली त्या दिवशी अनस्टेबलमध्ये जो काही गोंधळ होता तो सगळा तिच्यात आला होता.

यावर अँथनी टाउन्स यांनी डिसेंबर २००० मध्ये अनस्टेबल आणि रिलीज झालेलं 'स्टेबल' यांच्या मधला खण आणला, 'टेस्टिंग'. मेंटेनरने (पॅकेज सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाने) नवं पॅकेज चढवलं की ते आधी सिडमध्ये पडतं. निकड कमी असेल तर १० दिवस, मध्यम असेल तर ५, जास्त असेल तर २ दिवस ते तिथे मुरू द्यायचं. तेवढ्यात नवा गंभीर बग आला नाही, ते सगळ्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारांवर) बिल्ड झालं आणि ज्या लायब्रऱ्यांवर, म्हणजे सामायिक कोडवर, ते टेकलंय त्याही टेस्टिंगमध्ये असल्या, तरच ते पुढे सरकतं. निर्णय माणूस नाही, ब्रिटनी नावाची स्क्रिप्ट घेते. कागदावर झकास. पण एका मोठ्या लायब्ररीची आवृत्ती बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली शेकडो पॅकेजं एकमेकांना धरून दारात अडकतात. एक हलेना म्हणून दुसरं हलत नाही.

टेस्टिंग आली म्हणून रिलीज लवकर होतील ही आशा फोल ठरली. वुडी (३.०) जुलै २००२ मध्ये आली. केडीई या डेस्कटॉपची ३ ही आवृत्ती तेव्हा बाहेर पडून तीन महिने झाले होते, वुडीत २.२ होतं. कर्नलही (लिनक्सचा गाभा) मुळात २.२ चाच, २.४ हवा तर मागून घ्यायचा. त्यानंतरची सार्ज यायला जून २००५ उजाडला. इन्स्टॉलर नव्याने लिहायला घेतला होता. त्यात २००४ मध्ये सामाजिक करारातली (सगळं मुक्त ठेवू या प्रकल्पाच्या लेखी वचनातली) एक 'किरकोळ' शब्ददुरुस्ती मतदानाने मंजूर झाली आणि रिलीज सांभाळणाऱ्या टाउन्स यांनी तिचा सरळ अर्थ लावला: आता मुक्त नसलेलं फर्मवेअर (हार्डवेअरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) आणि दस्तऐवजही काढावे लागतील. शेवटी ती दुरुस्ती सार्जनंतर लागू करावी म्हणून पुन्हा मतदान घ्यावं लागलं. तोवर ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू या नव्या लिनक्स सिस्टिमने सिडमधूनच पॅकेजं उचलून पहिली आवृत्ती काढली होती आणि दर सहा महिन्यांनी पुढची काढू असं सांगूनही टाकलं होतं. डेस्कटॉपवाले तिकडे वळले यात नवल नव्हतं.

सर्व्हरवाले मात्र हलले नाहीत. इथे 'स्टेबल' या शब्दाचा घोळ समजून घ्यायला हवा. त्याचा अर्थ 'कधी न कोसळणारं' असा नाही. 'न हलणारं' असा आहे. सुरक्षेचं भोक बुजवायचं तर नवी आवृत्ती आणायची नाही, नेमकी तेवढी दुरुस्ती जुन्या कोडमध्ये बसवायची. आकडा जुनाच राहतो, शेपटीला फक्त 'डेब१२यू१' असं काहीतरी लागतं. सुरक्षा तपासणीची साधनं शेपटी सोडून फक्त सुरुवातीचा आकडा वाचून लाल अहवाल काढतात आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याची दुपार शेपटीचा अर्थ समजावण्यात जाते.

प्रोग्रॅमच्या मूळ लेखकांना हा प्रकार आवडतोच असं नाही. मोझिलाने २००६ मध्ये अशा ठिगळ लावलेल्या ब्राउझरला फायरफॉक्स म्हणू द्यायला नकार दिला, म्हणून डेबियनमध्ये तो दहा वर्षं आइसवीझल नावाने राहिला. २०१६ मध्ये एक्सस्क्रीनसेव्हर या स्क्रीनसेव्हरने स्टेबलच्या वापरकर्त्यांना थेट पडद्यावर सुनावलं की तुमची आवृत्ती फार जुनी आहे. लेखक जेमी झविन्स्की वैतागले होते: त्यांनी कधीच मिटवलेल्या बगच्या तक्रारी त्यांच्याच दारात येत होत्या. मला त्यांचा राग पटतो, उपाय नाही पटत.

काही पॅकेजं तर न हलवता नासतात. स्पॅमअसॅसिन या स्पॅम गाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका नियमाला २०१० किंवा त्यापुढची तारीख 'फारच पुढची' वाटायची. १ जानेवारी २०१० उजाडला आणि भल्या माणसांच्या पत्रांवर स्पॅमचे गुण चढायला लागले. अशा मालासाठी डेबियनने २००५ च्या सुमारास 'व्होलटाइल' नावाची वेगळी खिडकी उघडलीच होती. बॅकपोर्ट्स, म्हणजे स्टेबलवर चालतील अशी बांधलेली नवी पॅकेजं, २०१० मध्ये अधिकृत झाले, आणि २०१३ पासून ब्राउझरपुरता नियमच मोडून दीर्घ मुदतीच्या नव्या आवृत्त्या स्टेबलमध्ये येऊ लागल्या.

जुनं कधी कधी वाचवतंही. २०१४ मध्ये उघड झालेलं हार्टब्लीड हे सुरक्षेचं भोक ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या १.०.१ मध्ये होतं. डेबियनच्या स्क्वीझ (६.०) या जुन्या आवृत्तीत ०.९.८ होतं, ती सुटली. मार्च २०२४ मध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडली. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना सिडवर एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. ते खोदत गेले आणि एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं. मुरण्याचे दिवस भरून ते टेस्टिंगमध्येही पोचलं होतं; स्टेबलमध्ये नव्हतं. तरी एप्रिलच्या सुरुवातीला ठरलेलं स्टेबलचं १२.६ हे अपडेट पुढे ढकललं गेलं, ते जूनच्या अखेरीस आलं.

सिडमध्ये जुनी आवृत्ती परत आणायची होती, पण पॅकेजचा आकडा मागे जाऊ शकत नाही. मग मेंटेनरांनी नव्या पॅकेजवर लिहिलं: ५.६.१+रिअली५.४.५-१.