कलम ६६-अ (माहिती तंत्रज्ञान अधिनियम)

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० या केंद्रीय कायद्यातील, संगणक किंवा मोबाईलवरून आक्षेपार्ह संदेश पाठविणे हा गुन्हा ठरविणारे कलम. २००८ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले, २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलात आले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून समूळ रद्द केले. समाजमाध्यमांवरील लेखनाचे नियंत्रण आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांच्या भारतातील वादाचा आरंभ बहुधा याच कलमापासून धरला जातो.

कलमाचे तीन उपखंड होते. ‘घोर आक्षेपार्ह’ किंवा धाक घालणारा मजकूर पाठविणे हा पहिला. खोटी असल्याचे माहीत असलेली माहिती त्रास, गैरसोय, धोका, अडथळा, अवमान, इजा, धमकी, वैर, द्वेष वा दुर्भावना यांसाठी वारंवार पाठविणे हा दुसरा. आणि त्रास देण्यासाठी किंवा संदेशाच्या उगमाबद्दल फसविण्यासाठी ई-मेल पाठविणे हा तिसरा. तिन्हींना तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड. गुन्हा जामीनपात्र होता, पण दखलपात्रही होता. त्यामुळे तक्रार येताच वॉरंटशिवाय अटक करता येई, आणि प्रत्यक्षात अटक हीच शिक्षा होऊन बसली.

उगम : या शब्दयोजनेच्या मुळाबद्दल एकवाक्यता नाही. सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालात ती ब्रिटनच्या १९३५ च्या पोस्ट ऑफिस (दुरुस्ती) कायद्यापर्यंत मागे नेली आहे. टेलिफोनवरून घोर आक्षेपार्ह, अश्लील वा धाक घालणारा संदेश देणे हा त्या कायद्याने गुन्हा केला. शिक्षा होती दहा पौंडांपर्यंत दंड किंवा महिनाभर कैद, अथवा दोन्ही. टेलिफोन केंद्रांतील महिला ऑपरेटरांना होणारा उपद्रव हे त्यामागचे कारण असावे, असे मानतात. भारतीय परंपरेतच मूळ शोधायचे तर १८९८ च्या भारतीय पोस्ट ऑफिस अधिनियमाचे कलम २० आहे. अश्लील, राजद्रोही, धमकीचा वा घोर आक्षेपार्ह मजकूर बाहेरून लिहिलेले टपाल त्याने निषिद्ध केले होते. म्हणजे ‘घोर आक्षेपार्ह’ हा निकष येथील कायद्याला १९३५ च्याही आधीपासून परिचित होता. तिसरे मत असे, की कलमाचा खरा रोख स्पॅमवर होता; २००६ च्या माहिती तंत्रज्ञान (दुरुस्ती) विधेयकाची चिकित्सा करणाऱ्या संसदीय स्थायी समितीने नको असलेल्या ई-मेलचा प्रश्न मांडला होता, आणि तिसरा उपखंड त्याच्याशी जुळतो. परंतु पहिले दोन उपखंड ब्रिटनच्या २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टमधील कलम १२७ च्या शेजारी ठेवून वाचले, तर साम्य इतके जवळचे आहे की तोच तात्कालिक नमुना मानणे अधिक सयुक्तिक वाटते. फरक दोन, आणि दोन्ही भारी पडले. ब्रिटिश शिक्षा सहा महिन्यांची होती, येथे ती तीन वर्षांची झाली; आणि त्रास व गैरसोय यांच्या रांगेत द्वेष, वैर, दुर्भावना हे सार्वजनिक वादविवादाशी निगडित शब्द येऊन बसले. एका माणसाने दुसऱ्याला केलेल्या फोनसाठी बेतलेले माप अशा रीतीने हजारोंसमोर मांडलेल्या मताला लावले गेले. कलमाचा मूळ दोष येथे आहे.

वापर : २०१२ हे वर्ष निर्णायक ठरले. कोलकात्यात व्यंगचित्र पुढे पाठविल्याबद्दल एका प्राध्यापकांना, पुदुच्चेरीत एका ट्विटबद्दल व्यावसायिकाला अटक झाली. सर्वाधिक गाजले ते पालघर (तेव्हा ठाणे जिल्ह्यात). शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांच्या निधनानंतर (१७ नोव्हेंबर २०१२) पाळल्या गेलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला; दुसरीने तो मजकूर केवळ ‘लाइक’ केला. दोघींना अटक झाली, प्रत्येकी पंधरा हजार रुपयांच्या जामिनावर त्या सुटल्या. जमावाने एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि गुन्हा बंद करण्यात आला. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय अटक करू नये, अशी सूचना राज्यांना दिली.

निकाल : कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल हिची याचिका व तिच्यासोबतच्या इतर याचिकांवर न्या. जे. चेलमेश्वर व न्या. रोहिंटन नरिमन यांनी निकाल दिला. तो न्या. नरिमन यांनी लिहिला. चर्चा, मताचा पुरस्कार (त्याची बाजू घेणे) आणि चिथावणी असे तीन टप्पे करून, राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) चे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील निर्बंध केवळ चिथावणीच्या टप्प्यावर लागू होतात, असे त्यांनी मांडले. शब्दांच्या संदिग्धतेसाठी दाखले मात्र ब्रिटनचेच घेतले : खासदाराच्या कार्यालयात फोन करून वंशद्वेषी शब्द वापरल्याचा एक खटला आणि विमानतळ उडवून देण्याच्या थट्टेच्या ट्विटचा दुसरा. दोन्हींत खालच्या व वरच्या न्यायालयांनी त्याच वस्तुस्थितीवरून उलट निष्कर्ष काढले होते. जेथे न्यायाधीशांचे एकमत होत नाही, तेथे सामान्य माणसाने आपली मर्यादा ओळखावी कशी, हा तर्क या निकालाचा सर्वांत भक्कम भाग आहे. संकेतस्थळे रोखण्याचे कलम ६९-अ न्यायालयाने वैध ठरविले. कलम ७९ चा अर्थ लावताना न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना असेल तरच मजकूर हटविण्याचे बंधन मध्यस्थ कंपन्यांवर (फेसबुकसारख्या, इतरांचा मजकूर प्रसारित करणाऱ्या) येते, असे सांगितले.

रद्द झालेले कलम पोलीस ठाण्यांत मात्र चालूच राहिले. पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) या नागरी हक्क संघटनेने सादर केलेल्या आकडेवारीत निकालानंतरचे सर्वाधिक, ३८१, गुन्हे महाराष्ट्रातील होते. जुलै २०२१ मध्ये हे न्या. नरिमन यांच्याच पीठापुढे आले. कायद्याच्या छापील पुस्तकांत कलम जसेच्या तसे असते आणि ते रद्द झाल्याचा उल्लेख तळटीपेत असतो, असे महान्यायवादींनी तेव्हा सांगितले. हा खुलासा खरा असला, तरी गुन्हा नोंदविला गेलेल्या माणसाचे हेलपाटे त्याने भरून निघत नाहीत. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठाने प्रलंबित प्रकरणांतून कलमाचा उल्लेख वगळण्याचा आदेश दिला.

नंतरचा वाद २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांभोवती फिरतो. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा ठरविणारा सरकारी ‘फॅक्ट चेक’ कक्ष २०२३ च्या दुरुस्तीने योजला होता. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल व न्या. नीला गोखले यांच्यात जानेवारी २०२४ मध्ये मतभेद झाला. तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी न्या. पटेल यांच्या बाजूने मत दिले आणि ती दुरुस्ती रद्द झाली. ‘बनावट’, ‘खोटे’, ‘दिशाभूल करणारे’ या शब्दांना व्याख्या नाही, हे त्यामागील एक कारण होते.