संरक्षणशास्त्रात संशोधन करायचंय? नेट-जेआरएफचा अर्ज भरण्याआधी हे वाचा

संरक्षण धोरण किंवा युद्धनीतीवर संशोधन करायचं, तर पीएच.डी.ची वर्षं पैशाच्या ओढाताणीशिवाय गेली पाहिजेत. त्यासाठी यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, हा मोठा आधार आहे. पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात. पुढे काम समाधानकारक ठरलं तर ४२,००० रुपये.

परीक्षा एनटीए (राष्ट्रीय चाचणी संस्था) घेते. जून आणि डिसेंबर अशी दोन सत्रं असतात, अर्ज ऑनलाइनच भरायचा. आपल्या विषयाचं नाव ‘संरक्षण व सामरिकशास्त्र’, सांकेतांक ११.

विषय निवडताना घाई नको. ज्या विषयात एम.ए. केलंय त्याच विषयात नेट द्यावी, असं यूजीसी सांगते. राज्यशास्त्रात किंवा इतिहासात एम.ए. असेल तर त्याच विषयातून जेआरएफ मिळवा. पीएच.डी.साठी सीमाप्रश्न, नौदल धोरण असे विषय तिथूनही घेता येतात.

पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात. ओबीसी (नॉन-क्रीमी लेयर), एससी, एसटी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५० टक्के पुरतात; ईडब्ल्यूएसना (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना) मात्र ही सवलत नाही. ५४.९ चे ५५ धरले जात नाहीत. शेवटच्या वर्षाला असलात तरी अर्ज करा, फक्त नेटच्या निकालापासून दोन वर्षांत पदवी हातात हवी.

जेआरएफसाठी वयोमर्यादा ३० वर्षं. महिलांना आणि वरच्या सवलतीच्या प्रवर्गांना पाच वर्षं जास्त. सैन्यदलात सेवा केलेल्यांनाही सेवाकाळाइतकी, पण जास्तीत जास्त पाच वर्षांची सूट आहे. प्रत्यक्ष अनुभव घेऊन संशोधनाकडे वळणाऱ्यांची या क्षेत्राला फार गरज आहे, म्हणून त्यांनी ही तरतूद जरूर वापरावी.

फोटो, सही, दहावीचं प्रमाणपत्र, गुणपत्रकं आणि ओळखपत्र आधीच काढून ठेवा. अर्जातलं नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळू द्या. आपल्याकडची मुलं सर्वाधिक अडकतात ती ओबीसीच्या दाखल्यावर. राज्यातल्या प्रवेशासाठी काढलेला दाखला इथे चालत नाही. जात केंद्राच्या यादीत हवी आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातला हवा. तो तहसील कार्यालयातून हाती यायला वेळ लागतो, त्यामुळे परीक्षेची जाहिरात येण्याची वाट पाहू नका.

जेआरएफचं पत्र तीन वर्षं चालतं. जेआरएफ न मिळता फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरलात तर नेटचे गुण एकच वर्ष ग्राह्य धरतात, म्हणून मार्गदर्शक शोधायला निकालाआधीच लागा.