सिडकोतली सावली कुणी लावली?

पाथर्डी फाट्याच्या पुढे नव्या लेआउटमध्ये जागा बघायला जाणारा माणूस हल्ली पहिला प्रश्न विचारतो: गार्डन झालं का? प्रश्न रास्तच आहे. पण त्याचं उत्तर नाशिकने याआधी एकदा मोठ्या प्रमाणावर दिलेलं आहे, आणि ते बघायला सिडको वसाहतीतल्या त्रिमूर्ती चौकापर्यंत गेलं तरी पुरे.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. सातपूरला कारखाने उभे राहिले, पुढे अंबडलाही. मायकोत, महिंद्रात पाळीवर जाणाऱ्या कामगारांना घर हवं होतं, आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांत, चाळींत तेवढी जागा नव्हती. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने, म्हणजे शहर आणि औद्योगिक विकास महामंडळाने, मग मोरवाडी, कामटवाडे, उंटवाडी, अंबड या गावांच्या शिवारात वसाहत आखली. सहा योजनांत सुमारे २५ हजार घरं झाली. ‘नवीन नाशिक’ हे नाव कागदावर राहिलं. लोकांनी वसाहतीला सिडकोच म्हटलं आणि पत्ता योजनेच्या आकड्याने सांगितला. सहावी स्कीम म्हटलं की रिक्षावाल्याला आणखी काही सांगावं लागत नाही. १९८२ मध्ये महापालिका झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने या योजना तिच्याकडे आल्या.

घरं लहान होती, पण दारापुढे आणि परसात थोडी माती होती. माझ्या मते सिडकोच्या हिरवाईची खरी गोष्ट या मातीतच आहे. आखणीत मैदानं, उद्यानांच्या जागा होत्याच. पण जमीन बहुतेक ठिकाणी मुरमाड. तिथे नुसता खड्डा करून रोप लावलं की पहिल्या उन्हाळ्यात जळतं. तीन फूट लांब-रुंद-खोल खणायचं, मुरूम बाहेर काढायचा, पोयटा आणि शेणखत भरायचं आणि निदान तीन उन्हाळे पाणी घालायचं. सार्वजनिक जागेवर एवढं कोण करणार? दारातल्या झाडाला मात्र भांडी विसळलेलं पाणी रोज मिळायचं. म्हणून कढीपत्ता, शेवगा, पेरू, जास्वंद, कडुनिंब आधी दारांत वाढले. रस्त्याकडेला गुलमोहर आणि रेन ट्री आले. दोन्ही बाहेरून आलेले, गुलमोहर मादागास्करचा आणि रेन ट्री दक्षिण अमेरिकेचा. दोन्ही भराभर वाढतात, सावलीही लवकर देतात. पण गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं आणि वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात.

मग कुटुंबं वाढली. मुलांची लग्नं झाली, एका खोलीच्या दोन झाल्या, वर मजला चढला, परसही बांधकामात गेलं. यात दोष कुणाला द्यायचा? त्या घरांना तेवढीच जागा होती. दारापुढे उरलेल्या मातीवर पेव्हर ब्लॉक आले, कारण गाडी लावायची होती. त्यामुळे वसाहतीची हिरवाई पुन्हा सार्वजनिक जागांवर येऊन ठेपली, आणि त्या जागांची निगा आजही सारखी नाही. पेलिकन पार्कसारखी मोठी जागा कित्येक वर्षं ओसाड होती.

नव्या लेआउटना आज नियम आहे: २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेत १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. नियम चांगला आहे. पण १० टक्के जागा ठेवली म्हणजे १० टक्के झाडं आली असं नाही. लॉन, सिमेंटचा जॉगिंग ट्रॅक, खेळणी, कारंजं एवढ्यातच ती जागा संपते आणि मुळांना माती उरत नाही. म्हणून मी नव्या वसाहतीत गेलो की फुलझाडांआधी बुंध्याभोवती किती माती उघडी ठेवली आहे ते बघतो. आणि ताम्हण, बहावा, करंज, कडुनिंब यांच्यापैकी काही लावलं आहे का, हेही.

सिडकोतल्याच पवननगरच्या एका गल्लीत असंच मजला चढलेलं एक घर आहे. वरचा मजला चढवताना दारातला कडुनिंब आड येत होता. घरातल्या आजींनी तोडू दिला नाही. मिस्त्रीने गॅलरीच्या स्लॅबला अर्धगोल खाच सोडली आणि झाड त्यातून वर गेलं. खोड जाड होत गेलं तशी ती खाच पुढे एकदा छिन्नीने वाढवावी लागली. ते खरबरीत, प्लास्टर न केलेले काठ अजून दिसतात. चैत्रात मोहोराचा सडा गॅलरीभर पडतो. खाली शेजारच्या तीन घरांच्या गाड्या लावलेल्या असतात.