बार्शी लाइट रेल्वेची इंजिने आणि डबे

मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–बार्शी–लातूर या सुमारे ३२५ किलोमीटरच्या नॅरोगेज लोहमार्गावर १८९७ पासून धावलेली वाफेची इंजिने, मालवाहू वाघिणी आणि प्रवासी डबे. रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मराठवाड्यात हा मार्ग येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड आणि लातूर या पट्ट्यातून जात असे. लोक त्याला ‘बार्शी लाइट’ किंवा नुसतेच ‘छोटी गाडी’ म्हणत. या रेल्वेबद्दल बोलताना सगळे इंजिनाच्या शिट्टीपासून सुरुवात करतात. तंत्राच्या इतिहासात मात्र तिचे नाव राहिले ते वाघिणींमुळे. इथे आधी वाघीण ठरली आणि मग तिला ओढणारे इंजिन.

ही योजना एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) या इंग्रज अभियंत्याची. १८८२ मध्ये तो जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून भारतात आला. मुंबई–मद्रास मुख्य मार्गावर कुर्डुवाडीला तेव्हा ‘बार्शी रोड’ म्हणत. बार्शीच्या पेठेतला कापूस आणि गळिताचे धान्य तिथपर्यंत बैलगाडीने जाई. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीची चाकं रुतली की माल अडकून पडे. कॅलथ्रॉपने इथे स्वस्त, हलकी रेल्वे टाकायचे मनावर घेतले. १८९५ मध्ये लंडनमध्ये कंपनीची नोंदणी झाली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा सुमारे ३५ किलोमीटरचा पहिला तुकडा सुरू झाला. ते साल दख्खनमधल्या मोठ्या दुष्काळाचे होते. कॅलथ्रॉप पुढे विमानातून उडी मारण्याची हवाई छत्री तयार करण्याच्या मागे लागला. तिचे नाव त्याने ‘गार्डियन एंजल’ ठेवले होते. अरबी घोड्यांचाही त्याला षोक होता. माणूस एकाच विषयात रमणारा नव्हता.

कॅलथ्रॉपचा मूळ विचार एका वाक्यात सांगता येतो: कोणत्याही आसावर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, मग तो इंजिनाचा आस असो की वाघिणीचा. तोवरच्या हलक्या रेल्वेत इंजिन जड आणि वाघिणी हलक्या असत. रूळ, पूल आणि मोऱ्या इंजिनाच्या वजनाला पुरतील अशा मजबूत बांधाव्या लागत, पण माल वाहणाऱ्या वाघिणी त्या मजबुतीचा पुरता फायदा घेत नसत. कॅलथ्रॉपने दोन्हींना एकच मर्यादा लावली. चार आसांच्या बोगी वाघिणीचे (बोगी म्हणजे डब्याखालचा, वळणावर वळणारा चाकांचा गाडा) मालासकट वजन २० टनांपर्यंत जाऊ शकते, असा हिशेब. मग वाघीण स्वतः जितकी हलकी, तितका माल जास्त. इंजिनाचा भार पुष्कळ चाकांवर पसरला, की रूळही हलके चालतात. बार्शी लाइटवर यार्डाला ३० पौंड वजनाचे रूळ टाकले, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. आजच्या ब्रॉडगेजवर मीटरला ५२ ते ६० किलोचे रूळ असतात.

वाघिणीचे वजन कमी करण्यासाठी त्याने लाकूड आणि जाड लोखंडी तुळया टाळल्या आणि पोलादी पत्रा दाबून घडवलेल्या चौकटी वापरल्या. हे काम इंग्लंडमधल्या लीड्स फोर्ज कंपनीचे. तिचा सॅमसन फॉक्स हा दाबलेल्या पोलादाच्या बोगीचा जनक मानला जातो. सुरुवातीच्या सगळ्या गाड्यांची खालची चौकट एकाच मापाची होती: २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. वर उघडी वाघीण बसवा, बंद वाघीण बसवा नाहीतर प्रवासी डबा. खालचा सांगाडा तोच. त्यामुळे सुटे भाग सगळीकडे चालत आणि कारखान्यातली दुरुस्ती सोपी होई. अडीच फुटांच्या रुळांवर सात फूट रुंदीचा डबा म्हणजे रुळांच्या जवळजवळ तिप्पट पसारा. तरी गाडी डुलत डुलत का होईना, पण तोल सांभाळून चाले. याचे कारण बोगी, स्प्रिंगांची रचना आणि सर्व आसांवर सारखा वाटलेला भार. अरुंद रुळांवर अरुंदच डबे चालवावे लागतात ही समजूत बार्शीने मोडली, आणि माझ्या मते हीच या रेल्वेची सर्वांत मोठी कामगिरी.

हे सगळे भारतात आणण्याआधी कॅलथ्रॉपने लीड्सजवळ न्यूले येथे चाचणीसाठी खास मार्ग टाकला आणि इंजिन व वाघिणी तिथे चालवून दाखवल्या. बघायला लष्करी अधिकारीही आले होते. युद्धाच्या वेळी घाईने टाकता येईल अशा रेल्वेत सैन्याला तेव्हा रस होता.

पहिली पाच इंजिने लीड्सच्याच किट्सन कंपनीने बांधली. त्यांना ‘ए’ वर्ग म्हणत. चाकांची रचना ०-८-४: पुढे मार्गदर्शक चाके नाहीत, एकमेकांना जोडलेली आठ चाके ओढ देणारी आणि मागे चार चाकांची बोगी. टँक इंजिन असल्याने पाणी आणि कोळसा इंजिनाच्या अंगावरच असे, मागे त्यासाठी वेगळा टेंडर, म्हणजे साठ्याचा डबा, नसे. सहा आस आणि प्रत्येकी पाच टनांची मर्यादा धरली तर इंजिनाला ३० टनांपलीकडे जाता येत नव्हते. त्यातला मोठा भाग जोडचाकांवर असल्याने हलके असूनही ते चढावर घसरत नसे. टँक इंजिन दोन्ही दिशांना चालवता येते, त्यामुळे टोकाच्या स्थानकावर फिरवाफिरवीची गरज कमी. पुढच्या ‘बी’ वर्गाच्या इंजिनांची रचना ४-८-४ होती, म्हणजे पुढेही बोगी आली. वळणांवर इंजिन अधिक शिस्तीत वळू लागले.

मार्ग टप्प्याटप्प्याने वाढला. १९०६ मध्ये पंढरपूर, १९०७ मध्ये तडवळे, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. मराठवाड्याच्या दृष्टीने यातले दोन टप्पे महत्त्वाचे. बार्शी इंग्रजी मुलखात, सोलापूर जिल्ह्यात. तडवळे आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. अलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया, पलीकडे निजामाचा हाली, आणि संस्थानाची करोडगिरी, म्हणजे जकात, ती वेगळीच. या दोन मुलखांमधून एकच वाघीण न उतरवता मुख्य मार्गापर्यंत येई. तिथे कुर्डुवाडीला मात्र माल एका गेजच्या वाघिणीतून दुसऱ्या गेजच्या वाघिणीत भरावा लागे, आणि नॅरोगेजची ही अडचण शंभर वर्षांत सुटली नाही. लातूरच्या बाजारपेठेची वाढ रेल्वेमागोमाग झाली. गाडी आली १९११ मध्ये, आणि गंजगोलाई ही गोल बाजारपेठ उभी राहिली १९१७ मध्ये. तूर, करडई आणि कापूस यांची आडत लातुरात जमली, त्यात या छोट्या वाघिणींचा वाटा मोठा आहे.

मिरजेपर्यंतची लांब मजल सुरू झाली, तेव्हा टँक इंजिनांचा पाणी-कोळशाचा साठा अपुरा वाटू लागला. मग २-८-२ रचनेची टेंडर इंजिने आली: ‘एफ’ वर्ग नॅस्मिथ विल्सनचा आणि ‘जी’ वर्ग बॅगनॉलचा. शेवटच्या काळात डिझेल इंजिने होती.

प्रवासी डब्यांबद्दल थोडे. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या गाड्या इतक्या भरत, की माणसे टपावर बसून जात. एरवी गाडी तशी निवांत. येडशीजवळ रामलिंगच्या घाटात ती बालाघाटचा चढ चढू लागली, की पोरे उतरून चालायला लागत आणि पुन्हा चढत, असे जुनी माणसे सांगतात. यात थोडी भर घातलेली असेल, पण चढ खराच होता. या मार्गावरचा सर्वांत देखणा तुकडाही तोच.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनी विकत घेतली आणि मार्ग मध्य रेल्वेत गेला. गेजबदल फार उशिरा झाला. कुर्डुवाडी–पंढरपूर आधी ब्रॉडगेज झाले, लातूर–उस्मानाबाद २००७ मध्ये आणि उस्मानाबाद–कुर्डुवाडी २००८ मध्ये. मिरजेकडचा भाग त्यानंतर. जुना मार्ग उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, बाजूला ठेवून पांगरीहून थेट येडशीला जात असे. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे मिळाली ती गेजबदलातच. नवा मार्ग वळवल्यामुळे रामलिंग घाटातली जुनी वाट मोकळी पडली. नेरळ–माथेरानसारखी एखादी वारसा गाडी चालवायला मराठवाड्यात याहून योग्य जागा नव्हती. रूळ उखडण्याआधी हा विचार व्हायला हवा होता.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरले नाही तेव्हा मिरजेहून ‘जलदूत’ गाडी आली. पहिल्या खेपेला दहा टँकर वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. मिरज–लातूर हा कॅलथ्रॉपच्या कंपनीचाच मार्ग, फक्त रुंद झालेला. त्यातल्या एका वाघिणीतले नुसते पाणीच बार्शी लाइटच्या मालाने भरलेल्या दोन वाघिणींपेक्षा जड होते. नॅरोगेज असते तर ही गाडी थेट लातूरला पोहोचलीच नसती.

कॅलथ्रॉपने बार्शीचा अनुभव इंग्लंडलाही नेला. स्टॅफर्डशरमधली लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे त्याच्याच आराखड्यावर १९०४ मध्ये सुरू झाली. तिची २-६-४ टँक इंजिनेही किट्सनचीच. ती १९३४ मध्ये बंद पडली. बार्शीची गाडी तिच्यापुढे सत्तरहून अधिक वर्षे चालत राहिली, आणि तीही गर्दी आणि माल वाहत, पर्यटकांसाठी नव्हे. कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना अजून चालू आहे.