अमेरिकन कॉलेजातल्या गणिताच्या कोर्सेसचा क्रम

अमेरिकेतल्या कॉलेजात गणिताचा कुठला कोर्स कुठल्या सेमिस्टरला घ्यायचा हे बरंचसं विद्यार्थ्यानेच ठरवायचं असतं, डिपार्टमेंट फक्त प्रीरिक्विझिट सांगतं, म्हणजे याच्या आधी तो झालेला हवा एवढंच. आपल्याकडे बीएस्सीला मेन विषयाचे पेपर बहुतेक युनिव्हर्सिटीच लावून देते, त्यामुळे इकडून गेलेलं पोरगं पहिल्या रजिस्ट्रेशनला जरा गांगरतंच.

नेहमीची वाट म्हणजे कॅल्क्युलस १, २, मग अनेक चलांचं ३, त्यानंतर डिफरेन्शियल इक्वेशन्स आणि लिनियर अल्जेब्रा, म्हणजे व्हेक्टर आणि मॅट्रिक्सचं गणित. हायस्कूलमध्येच एपी कॅल्क्युलस बीसी (कॉलेजच्या पातळीचा कोर्स आणि त्याची परीक्षा) करून पाचपैकी ५ स्कोअर मिळवला असेल तर बऱ्याच ठिकाणी पहिले दोन माफ होतात.

खरी भांडणं लिनियर अल्जेब्रावरून. त्याला कॅल्क्युलस जवळपास लागतच नाही, तरी आधी कॅल्क्युलस मागतात, का तर मुलं जरा मुरलेली असावीत म्हणून. एमआयटीत लिनियर अल्जेब्राचा नंबर १८.०६ आणि डिफरेन्शियल इक्वेशन्सचा १८.०३, पण म्हणून १८.०३ आधीच करायला हवं असं काही नाही, १८.०२, म्हणजे तिथलं अनेक चलांचं कॅल्क्युलस, झालं की पुरतं. माझं विचाराल तर लिनियर अल्जेब्रा लवकर उरकावं, कारण डिफरेन्शियल इक्वेशन्सच्या सिस्टीम सोडवताना मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू लागतात, आणि कॅल्क्युलस ३ मध्ये चलं बदलताना येणारा जॅकोबियन म्हणजे शेवटी मॅट्रिक्सचा डिटरमिनंटच की, दोन्ही लिनियर अल्जेब्रातलेच.

गंमत म्हणजे हा क्रम तर्काचा नाहीच, इतिहासाचा आहे. न्यूटन-लायब्निट्झनी १७व्या शतकात कॅल्क्युलस वापरायला घेतलं आणि त्याचा पाया कोशी, वायरश्ट्रास वगैरे गणितज्ञांनी १९व्या शतकात पक्का केला, कोर्सही तसेच, आधी दोनेक वर्षं बिनधास्त वापरा आणि मग रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये एप्सिलॉन-डेल्टा (लिमिटची काटेकोर व्याख्या) घेऊन तेच सिद्ध करत बसा. चांगली चांगली मुलं इथेच आपटतात, कारण तोपर्यंत उत्तर काढायचं असतं आणि आता एकदम प्रूफ लिहायचं असतं. म्हणून बरीच डिपार्टमेंट्स मधे नुसतं प्रूफ शिकवणारा एक कोर्स ठेवतात, तो टाळू नये. अ‍ॅनालिसिस आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा (ग्रुप, रिंग वगैरे रचनांचं, हेही प्रूफचंच) यातलं आधी कुठलंही चालतं, एकाच सेमिस्टरला दोन्ही घेणं मात्र स्वतःच्या जबाबदारीवर.

इंजिनिअरिंगवाल्यांना अ‍ॅनालिसिस बहुतेक लागतच नाही, त्यांचं डिफरेन्शियल इक्वेशन्सपाशी भागतं. लहान कॉलेजात वरचे काही कोर्स वर्षाआड लागतात, तिथे शेवटच्या वर्षापासून उलटं मागे मोजत यावं लागतं.