मागच्या काचेचा दोष पुढच्या स्विचमध्ये का सापडतो?

मागच्या दाराचा स्विच नवा बसवला, मोटरही तपासली, तरी काच जागची हलत नाही. जुनी अमेरिकी गाडी सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला हे कोडं हमखास येतं. ते सोडवायचं तर गाडीत कोणत्या काळची जोडणी आहे, हे आधी कळायला हवं.

सुरुवातीच्या पॉवर विंडोत काच विजेवर थेट चालतच नव्हती. 1940 मध्ये पॅकार्डने आपल्या 180 मालिकेत जी सोय दिली, तिच्यात विजेच्या पंपाने तेलाचा दाब तयार होई आणि त्या दाबावर काच हले. युद्धानंतर जनरल मोटर्सच्या महागड्या गाड्यांतही हीच रीत होती. दाबाने काच चढायची, स्प्रिंगने उतरायची. तेल म्हणजे ब्रेक ऑइलच. नळी गळली की दाराचा रंग आणि आतली गादी, दोन्ही खराब. ही प्रणाली मागे पडली ते बरंच झालं.

1951 च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये प्रत्येक काचेला स्वतंत्र मोटर आली. जनरल मोटर्सनेही 1954 च्या सुमारास तेल सोडलं. त्याच काळात अमेरिकी गाड्या 6 व्होल्टवरून 12 व्होल्टवर येत होत्या. तेवढ्याच कामाला निम्मा करंट पुरू लागला, आणि दारापर्यंतच्या लांब वायरिंगसाठी ही मोठीच सोय होती.

त्या काळच्या बऱ्याच मोटरींत चढण्या-उतरण्यासाठी दोन वेगळी वाइंडिंग (तारेची वेटोळी) असत आणि अर्थ, म्हणजे करंट परतण्याची वाट, दाराच्या पत्र्यातून मिळे. स्विचचं काम एवढंच, की या किंवा त्या वायरला करंट द्यायचा. चालकाकडचा स्विच बिघडला तरी मागचा प्रवासी आपली काच हलवू शके.

पुढे कायम चुंबकाच्या मोटरी आल्या आणि सगळं बदललं. तिथे दिशा बदलायला करंटच उलटा करावा लागतो. म्हणून मोटरच्या दोन्ही वायरी एरवी अर्थला जोडलेल्या असतात आणि बटण दाबलं की त्यातली एक 12 व्होल्टवर जाते. मागच्या दाराला हा अर्थ सहसा चालकाच्या मुख्य स्विचमधून मिळतो. तिथला कॉन्टॅक्ट जळला, की मागचा स्विच धडधाकट असूनही निकामी ठरतो.

त्यामुळे मी आधी मुख्य स्विच उघडतो. मग बिजागरीजवळचं रबरी बूट, म्हणजे वायरींवरचं आवरण, मागे सारून वायरी पाहतो. दार वर्षानुवर्षं उघडून-मिटून त्या आतल्या आत तुटलेल्या असतात, वरून मात्र शाबूत दिसतात.