कोरफडीवरील पानठिपके (बेळगाव सीमाभाग)

कोरफडीच्या मांसल पानांवर बुरशीमुळे पडणारा डागांचा रोग. अल्टरनेरिया अल्टरनाटा ही त्याची नेहमी आढळणारी कारक बुरशी. कोलेटोट्रिकम या दुसऱ्या बुरशीमुळे येणारा करपाही साधारण असाच दिसतो.

सुरुवातीला टाचणीच्या डोक्याएवढा, पाणी मुरल्यासारखा ठिपका दिसतो. पुढे तो पसरून तपकिरी-काळपट व खोलगट होतो. जवळून पाहिल्यास त्यात बऱ्याचदा एकात एक वलये दिसतात आणि दमट हवेत वर काळसर भुकटी धरते. ही भुकटी म्हणजेच बीजाणू, बुरशीचा प्रसार करणारे सूक्ष्म कण. वारा आणि पाण्याचे शिंतोडे त्यांना पानोपानी नेतात. गळून पडलेल्या रोगट पानांतही बुरशी टिकून राहते. कोवळ्या रोपांवरचे पांढुरके ठिपके मात्र जन्मजात असतात. त्यांना रोग समजून चांगली पाने तोडू नयेत. सावलीतली कुंडी एकदम कडक उन्हात ठेवली, तर पान सरसकट तांबूस होते. तोही रोग नव्हे. बुंध्याशी पान पाणचट होऊन दुर्गंधी आली, तर ती जिवाणूजन्य सड असते. तिच्यावर बुरशीनाशक चालत नाही, झाड उपटून नष्ट करावे लागते.

एकाच बेळगाव जिल्ह्यात या रोगाचा जोर ठिकाणागणिक बदलतो. खानापूर तालुका सह्याद्रीला लागून. मलप्रभा उगम पावते ते कणकुंबी इथलेच. जून ते सप्टेंबर पानांवरचा ओलावा हटत नाही, तेव्हा ठिपके झपाट्याने वाढतात. बेळगाव शहरातही पावसाळी हवा दमट व थंडसर असते. उलट अथणीकडचा भाग कमी पावसाचा. तिथे रोग आला, तर पाणी देण्याची पद्धत आधी तपासावी. कौलारू घराच्या पागोळीखाली लावलेल्या कोरफडीवर सतत पाणी पडते आणि मातीही उडते. अशी जागा मुळातच टाळावी.

त्यामुळे व्यवस्थापनाचा खरा भर पाने कोरडी राखण्यावर हवा, औषध त्यानंतर. लागवड गादीवाफ्यावर किंवा वरंब्यावर, दोन झाडांत हवा खेळेल इतक्या अंतरावर करावी. काळ्या जमिनीत निचऱ्याकडे विशेष लक्ष द्यावे. पाणी बुंध्याशी, सकाळी द्यावे. कुंड्या पावसाळ्यात ओसरीवर, पण उजेडात घ्याव्यात. डागाळलेली पाने कोरड्या दिवशी बुडापासून कापून जाळावीत वा खोल पुरावीत, शेणखताच्या खड्ड्यात टाकू नयेत. दर झाडानंतर सुरी स्पिरिटने पुसावी.

रोग पसरतच राहिला, तर 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारतात: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यातच विरघळवावे. तयार मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. पर्याय म्हणून मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची 75 टक्के भुकटी लिटरमागे 2.5 ग्रॅम घेतात. कोरफडीचे पान मेणचट असल्याने द्रावण ओघळून जाते. म्हणून चिकटद्रव्य मिसळावे आणि उघडीप पाहूनच फवारावे.

ज्या झाडाचा गर घरात खाण्यासाठी किंवा केसांना लावण्यासाठी काढला जातो, त्यावर रासायनिक फवारणी करूच नये. अशा झाडाची रोगट पाने काढावीत, शेजारचे निरोगी पिल्लू वेगळे करावे, त्याचा काप दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावा आणि मग ते नव्या मातीत लावावे.